स्लॅबला घाम येतो

पहिला मोठा पाऊस झाला की मराठी माणूस एकदम शब्द तोलून बोलू लागतो. एरवी वर्षभर 'भारी', 'बेकार' आणि 'बघू' या तीन शब्दांवर ज्यांचं भागतं, तीच माणसं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अर्थाच्या बारीक छटा सांभाळू लागतात. छतावर बशीएवढा डाग उमटलेला असतो. वरच्या मजल्यावरचे काका खाली येऊन तो बघतात आणि म्हणतात, "किंचित ओल धरलीय." खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "ओल कसली, चक्क गळतंय!" सोसायटीच्या सेक्रेटरींना पुढच्या निवडणुकीत दोघांचीही मतं हवी असतात. ते मान तिरकी करून म्हणतात, "थोडंसं झिरपत असावं." आणि गच्चीचं काम करून, पैसे मोजून घेऊन, लेटरहेडवर दहा वर्षांची गॅरंटी लिहून देऊन अंतर्धान पावलेले कॉन्ट्रॅक्टर मोठ्या प्रयत्नांनी हाती लागलेच, तर ते खिशातलं पेन काढून डागाला टोचतात, बोटावर बोट चोळतात आणि निदान करतात, "हे लीकेज नाही साहेब. स्लॅबला घाम आलाय."

ज्या स्लॅबनं जन्मात जागेवरून हलण्याचे कष्ट घेतले नाहीत त्याला घाम कशाचा, हे विचारायचं नसतं. दमट हवेतलं बाष्प थंड छताला चिकटून थेंब धरतं, हे शास्त्र खरंच आहे. पण ते बाष्प नेमकं वरच्यांच्या मोरीच्या जाळीखालीच जमतं आणि वरचे लोक लग्नाला गावी गेले की सुकतं. शिवाय त्या घामाला कपड्यांच्या साबणाचा वास येतो. स्लॅबनं एवढी स्वच्छता पाळावी याचं कौतुक करायचं की रडायचं, हे आपण कुठल्या मजल्यावर राहतो त्यावर ठरतं.

पाणी आरपार जाणं या एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्याकडे क्रियापदांचं मोठं बिऱ्हाड आहे, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'गळतं' म्हणजे थेंब दिसतो, मोजता येतो आणि त्याच्याखाली भांडं ठेवता येतं. भांडं ठेवता येणं हीच गळण्याची व्याख्या. 'पाझरतं' तेव्हा थेंब दिसत नाही. हात लावला तर हात ओला होतो आणि भिंत साळसूद राहते. 'झिरपतं' त्यात पाण्याचा प्रवास दिसत नाही, नुसता मुक्काम दिसतो, आणि तो बहुधा नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर असतो. 'मुरतं' त्यात मुक्कामही दिसत नाही, म्हणून मराठीतला सगळा संशय या क्रियापदावर उभा आहे. कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण टेंडरबद्दल म्हणतो, शेजाऱ्याच्या नव्या गाडीबद्दल म्हणतो, आणि मुलगा इंजिनिअर, घर स्वतःचं, पत्रिकाही जुळते, तरी दोन वर्षं लग्न जमत नाही म्हटल्यावर त्या स्थळाबद्दल तर म्हणतोच. त्याच क्रियापदाचं लोणचं मुरतं आणि राजकारणीही मुरतो. लोणचं मुरल्यावर मऊ होतं, एवढाच दोघांतला फरक.

'निथळणं' वेगळ्या घराण्यातलं. त्यात गेलेल्या पाण्याची कुणाला पर्वा नसते, मागे राहिलं त्याची असते. धुतलेली कोथिंबीर निथळते, भिजवलेले साबुदाणे निथळतात, आणि चुकून छत्री विसरलेला जावई दारात निथळत उभा राहतो.

'ठिबकणं' हे माझ्या लहानपणी फार गरीब क्रियापद होतं. नळ ठिबकायचा, कंदिलाचं रॉकेल ठिबकायचं आणि दोन्हींबद्दल मोठी माणसं चिडायची. मग त्याच्यामागे 'सिंचन' लागलं आणि त्याचं नशीब उघडलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकला तर आजही प्लंबरला बोलावतात, पण तेच पाणी उसाच्या सरीत ठिबकलं तर सरकार अनुदान देतं.

या सगळ्या कुटुंबात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाणी गळतं, पाणी झिरपतं, पाणी मुरतं. कुणी त्याला जाऊ देत नाही, ते आपलं आपण जातं. फार तर छप्पर गळतं, पण तेही बिचारं काही करत नाही, त्याचं होतं. एखाद्या पदार्थाकडे बोट दाखवून 'हा पाणी जाऊ देतो' असं स्वच्छ सांगणारं विशेषण बोलीत शोधून सापडत नाही. 'गळकं' आहे, पण ते बादलीला आणि पत्र्याला लावायचं. तो गुणधर्म नाही, शिवी आहे. दोष कुणाचाच नाही अशी ही व्यवस्था भाषेनं करून ठेवल्यामुळे बिल्डर, कॉन्ट्रॅक्टर, वरचे काका आणि स्लॅब हे चौघेही व्याकरणदृष्ट्या निर्दोष सुटतात. पाणी मात्र सापडतं, कारण वाक्याचा कर्ता तेच.

विशेषणं नाहीतच असं नाही. ती कोशात आहेत, आणि कोशाबाहेर त्यांना फारसं कुणी येऊ देत नाही: पार्य, पारगम्य, सच्छिद्र, अप्रवेश्य, जलाभेद्य. यांतला 'जलाभेद्य' मला फार आवडतो. तो उच्चारला की शंख फुंकल्यासारखं वाटतं आणि पलीकडे कौरवसेना उभी दिसते. आपल्या स्लॅबच्या बाबतीत हे काही अगदीच चुकीचं नाही, कारण त्यात शिरलेल्या पाण्याला आत कसं जायचं एवढंच ठाऊक असतं. एका निवृत्त प्राध्यापकांना सोसायटीच्या गच्चीवर प्लंबरला शुद्ध मराठीत समजावताना मी ऐकलंय.

"अहो, हा स्लॅब पार्य झालाय."

"पार्य म्हणजे?"

"म्हणजे आरपार पाणी जाऊ देणारा."

"मग फुटलाय म्हणा की."

"फुटलेला नाही. सच्छिद्र आहे."

"छिद्र बुजवतो सर. पण पाणी छिद्रातनं जात नाही, वाटेतनं जातं. वाट सापडायला पायजे."

सर गप्प झाले. प्लंबरनं त्या एका वाक्यात जे सांगितलं ते भूजलशास्त्राचे पुस्तकवाले एक प्रकरण खर्चून सांगतात. छिद्र असणं वेगळं आणि छिद्राला छिद्र जोडलेलं असणं वेगळं. चिकणमातीत निम्म्याच्या आसपास नुसती पोकळी असते. वाळूत त्याहून कमी. तरी वाळूतून पाणी धावत जातं आणि चिकणमातीत अडून बसतं, कारण मातीतल्या पोकळ्या इतक्या बारीक की पाणी कणांना चिकटूनच राहतं. एखाद्या कार्यालयात खिडक्या भरपूर असाव्यात, पण अर्ज एका खिडकीतून पुढच्या खिडकीत जाऊ नये, ती सच्छिद्रता. अर्ज पुढून आत गेला आणि मागच्या दारानं सहीशिक्क्यासकट बाहेर आला, ती पार्यता. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग ज्या बेसॉल्टवर बसलाय, त्यातही ठिकठिकाणी लाव्हारसातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले आहेत. दगड हातात घेतला तर जाळीदार पावासारखा दिसतो, पण बुडबुडा बुडबुड्याशी बोलत नाही. कित्येक ठिकाणी तर त्या पोकळ्यांत सुंदर पांढरे स्फटिक भरून बसलेत. ते बघायला जगभरातले खनिजप्रेमी येतात, आणि विहीर खणणारा मात्र कपाळावर हात मारतो.

पाणी किती सहज आरपार जातं, हे मोजायचं एककही आहे. हेन्री डार्सी नावाचे फ्रेंच अभियंते दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम बघत. त्यांनी वाळूनं भरलेल्या उभ्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं केली आणि १८५६ साली नियम मांडला. आता खडकाची पार्यता 'डार्सी'त सांगतात. आपल्याकडे एवढ्या गळत्या गच्च्या असूनही एका मराठी माणसाचं नाव एककाला लागलं नाही, याचं कारण असं असावं की आपण पाणी मोजण्यापूर्वी वरच्या मजल्यावर भांडायला जातो.

काँक्रीटचं सांगायचं तर ते जलाभेद्य असल्याचा दावा स्वतः काँक्रीटनं कधी केलेला नाही. सिमेंट घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या निम्म्याहून कमी पाणी पुरतं. पण घट्ट माल पसरायला जीव काढावा लागतो. म्हणून गवंडी मिक्सरवाल्याला ओरडतो, "पातळ कर रे!" आणि तो आणखी एक डबा ओततो. हे जादा पाणी पुढे उडून जातं आणि जाताना आपली वाट स्लॅबमध्ये तशीच ठेवून जातं. पुढे पावसाचं पाणी त्याच वाटेनं खाली येतं. मग त्याच्यावर ब्रिकबॅट कोबा, त्याच्यावर डांबर, त्याच्यावर केमिकल, त्याच्यावर चायना मोझाईक आणि एवढं सगळं झाल्यावर त्याच्यावर निळी ताडपत्री, जिच्यात ताडही नाही आणि पत्रीही नाही. पण मराठी माणसाचा पावसाळ्यातला खरा विश्वास याच वस्तूवर आहे.

कायद्याला मात्र कर्त्याशिवाय चालत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गळतीची वाटणी केलेली आहे: गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून आलेलं पाणी संस्थेचं, आणि घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमधून गेलेलं पाणी संबंधित सभासदांचं. कागदावर हे फार सुंदर दिसतं. पण पाणी खाली उतरताना आपल्या गावाचं नाव सांगत नाही, आणि 'संबंधित' या शब्दात तर एवढं पाणी मुरतं की सर्वसाधारण सभेची दोन वर्षं त्यात जातात. वरच्यांच्या मते संबंधित म्हणजे ज्यांच्या छताला डाग आहे ते. मग तोडगा म्हणून कुणीतरी रंगीत पाण्याची परीक्षा सुचवतं. वरच्या बाथरूममध्ये रंग टाकून पाणी ओतायचं आणि खाली वाट बघायची. एका सोसायटीत दोन दिवसांनी खालच्या छतावर झकास गुलाबी डाग उमटला. वरचे काका आले, त्यांनी तो चष्मा लावून, चष्मा काढून बघितला आणि म्हणाले, "आम्ही टाकलेला रंग याच्याहून गडद होता."

शेतीत हे सगळं शहाणपण उलटं फिरतं. कुठल्याही पिकाची माहितीपुस्तिका उघडा, पहिलं वाक्य ठरलेलं: पाण्याचा उत्तम निचरा होणारी, मध्यम ते भारी जमीन निवडावी. निवडावी! शेतकरी जणू साड्यांच्या दुकानात गादीवर बसलाय आणि कृषी सहायक एकेक जमीन उलगडून दाखवतोय: ही बघा, मुरमाड, हलकी आहे, पाणी थांबत नाही, ही काळी कसदार, पदर भारी आहे, पण उन्हाळ्यात भेगा पडतात, ही चोपण, ही नका घेऊ, हिच्यात पाणी उतरतच नाही. बाप-आजानं जी पदरात टाकली ती कसणाऱ्या माणसाला हे 'निवडावी' वाचून काय वाटत असेल, हे त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांना एकदा शेतात चपला काढून विचारायला हवं.

पण 'निचरा' हा शब्द मला कोशातल्या सगळ्या विशेषणांपेक्षा सरस वाटतो. त्यात पाणी किती जातं याबरोबर ते गेलेलं बरं, असा निकालही आहे. आणि त्याच्याही पुढचा शब्द 'वाफसा'. पाऊस पडून गेलाय, जादा पाणी खाली उतरलंय, पण ओल राहिलीय, ढेकूळ हातात घेतलं तर चिखल होत नाही आणि फुटताना धूळही उडत नाही, अशी जमिनीची जी नेमकी वेळ, ती वाफसा. पेरणीचा सगळा जुगार या शब्दावर चालतो. मृदाशास्त्रवाल्यांना ही अवस्था सांगायला आकडे आणि आलेख लागतात, बांधावर उभा असलेला म्हातारा जमिनीत टाच रुतवून सांगतो, "उद्या दुपारनंतर."

आणि भात? भाताला यातलं काहीच चालत नाही. खाचरात पाणी साठवून, नांगर-पॉवर टिलर फिरवून जी चिखलणी करतात, तिचा एक हेतू जमिनीची पार्यता मोडून काढणं हाच असतो. मातीची रचना विस्कटायची, बारीक गाळ खाली बसवून तळ लिंपायचा, म्हणजे पाणी उभं राहतं. कोकणातला शेतकरी खाचराला वॉटरप्रूफिंग करतो ते असं. गॅरंटी देत नाही, पण भात येतो.

त्याच कोकणात घर बांधायला जांभा. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात हा दगड विटेसारखा कापून काढताना बघितला आणि १८०७ मध्ये लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याचं 'लॅटराइट' हे नाव ठरवलं. जांभ्यात भोकं आहेत आणि ती एकमेकांशी बोलतात. रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सडे अक्षरशः वाहतात, जुलैत विहिरीत हात घालून पाणी घेता येतं आणि मे महिन्यात त्याच वाडीत टँकरची वाट बघतात. जांभा पाणी घेतो आणि उतारानं समुद्राला देऊन टाकतो. दानशूर दगड आहे, फक्त दान गावाबाहेर करतो.

पण याहून मोठी गंमत सरकारी आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाझर तलाव बांधले गेले. पाझर तलाव म्हणजे ज्यातून पाणी जमिनीत उतरावं, खालच्या विहिरींना लागावं, यासाठीच बांधलेला तलाव. म्हणजे तो रिकामा झाला की यशस्वी. आता पुढे शेततळं आलं. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळं' अशी योजनाच आली. शेततळ्यातून पाणी जमिनीत उतरलं की ते वाया गेलं, म्हणून त्याला प्लॅस्टिकचं अस्तर, आणि अस्तरीकरणालाही अनुदान. एकाच तालुक्यात, टेकडीच्या अलीकडे तळं गळावं म्हणून निधी आणि पलीकडे तळं गळू नये म्हणून निधी. तपासणीला आलेल्या साहेबांची यात काय अवस्था होत असेल! कोरड्या पाझर तलावाच्या काठावर ते उभे राहतात आणि विचारतात, "पाणी कुठाय?" सरपंच छाती काढून सांगतो, "मुरलं की साहेब!" तलावात मुरलं की निधीत मुरलं, हे वाक्यावरून कळत नाही. मराठी क्रियापदांची हीच तर सोय आहे.

गडकिल्ले बांधणारी माणसं याबाबतीत जास्त काटेकोर होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात गडावरच्या पाण्याबद्दल सूचना आहेत, आणि त्यात एक फार बारकावा आहे: गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लढाईत तोफांच्या आवाजानं झऱ्यांचं पाणी कमी होतं, म्हणून तळी-टाकी बांधून साठा ठेवा. दगडाला पाझर फुटतो ही आपल्याकडे माणसाच्या दयेबद्दल वापरायची म्हण. या लोकांनी ती दगडाबद्दलच वापरली, आणि पाझर बंदही पडू शकतो हे धरून टाकी खोदली. आता तोफा गेल्या. तळाशी शेजाऱ्याची बोअरवेल आहे, आणि तिला आवाज करायचीही गरज पडत नाही.

म्हणी रचणाऱ्यांचं सगळंच निरीक्षण असं पक्कं नाही. 'पालथ्या घड्यावर पाणी' ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरी नवा घडा आलेला नसावा. नवा, कोरा माठ पालथा घालून त्याच्यावर पाणी ओता. सुरुवातीला तो ते चक्क पितो. मातीचा माठ पाझरतो म्हणूनच गार पाणी देतो: बाहेर आलेलं पाणी हवेत उडताना आतल्याची उष्णता घेऊन जातं. आणि दोन-चार उन्हाळे गेले की पाण्यातले क्षार बारीक छिद्रांत बसतात, माठ अनुभवी होतो, पाझरायचा थांबतो आणि पाणी कोमट ठेवू लागतो. तेव्हा घडा पालथा असल्यानं बिघडत नाही, मुरल्यानं बिघडतं, आणि हे माणसालाही जास्त लागू पडतं. हल्ली नव्या वसाहतींत माठाला बाहेरून ऑइलपेंट देऊन त्याच्यावर वारली नाच काढतात. नाच छान दिसतो. पाणी गार होत नाही म्हणून तो माठ फ्रिजशेजारी ठेवतात, आणि पाहुण्यांना पाणी फ्रिजमधलं देतात.

झिरपण्याबद्दलचा सगळ्यात मोठा विनोद मात्र स्लॅबचा नाही आणि तलावाचाही नाही. एकोणिसाव्या शतकात सरकारी हिशोब असा होता की वरच्या वर्गांना शिकवावं, शिक्षण आपोआप खाली झिरपत जाईल. याच हिशोबाचं मेकॉलेचं प्रसिद्ध टिपण १८३५ चं. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं आणि या हिशोबाची चांगली हजेरी घेतली: महसूल रयतेच्या कष्टाचा आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर, तेव्हा आधी प्राथमिक शिक्षणाकडे बघा. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवलं होतं. काय झिरपतं आणि काय नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं वाट बघून खालच्या मजल्यावरच्या माणसानं वर बघून सांगितलं की इथं थेंबही आलेला नाही. वरच्या मजल्यावरून मोरीचं पाणी न चुकता खाली येतं, मग नेमक्या कामाच्या गोष्टींपुरता तोच स्लॅब जलाभेद्य कसा होतो, याचं उत्तर डार्सींच्या नियमात नाही.

अंगावर घालायच्या कापडाकडे आलं की पुन्हा निराळा तमाशा. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. त्या कोटांना वास यायचा, थंडीत ते ताठ व्हायचे आणि उन्हाळ्यात चिकट. शिवाय पाणी आत येऊ न देणारं कापड घाम बाहेर जाऊ देत नाही, हा शोध पहिल्याच पावसात लागला असणार. मग १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेलं टेफ्लॉन हिसका मारून ताणलं आणि त्यात असंख्य बारीक छिद्रं तयार झाली. त्यातून पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. असा 'श्वास घेणारा' महागडा कोट घालून जुलैत मुंबईत किंवा चिपळूणला उभं राहावं. बाहेरची हवाच बाष्पानं गच्च भरलेली असल्यामुळे आतली वाफ दाराशी येते, बाहेर डोकावते आणि परत फिरते. म्हणजे कोट निर्दोष, पाऊसही निर्दोष, आणि आपण मात्र आतून चिंब. शेवटी आपल्यालाच घाम आलाय म्हणायचं.

या कोटांवर हल्ली आकडा छापलेला असतो, तीन हजार मिलिमीटर, पाच हजार मिलिमीटर. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करत गेल्यावर किती उंचीला पाणी आत येतं, तो हा आकडा. पण आपल्याकडे मिलिमीटर म्हटलं की हवामान खातंच आठवतं. एका दुकानात एक गृहस्थ तीन हजारांच्या कोटाची लेबलं वाचत बायकोला समजावत होते की महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजारांच्या वर पडतो, तेव्हा हा कोट ऑगस्टपर्यंतच चालेल, पुढे गणपतीत अडचण येईल.

त्यापेक्षा इरलं बरं. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते होडीसारखं आवरण भातलावणीत वाकलेल्या पाठीवर बसतं. समोरून ते पाणी अजिबात अडवत नाही, आणि याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, कारण लावणीत समोर पाण्यातच उभं राहायचं असतं. पोत्याचं एक टोक दुसऱ्यात खोचून केलेली खोळ आणि धनगराचं घोंगडं यांनीही जलाभेद्य असल्याचा आव कधी आणला नाही. घोंगडं भिजतं, जड होतं, पण आत ऊब ठेवतं, आणि विकणारा तसंच सांगतो.

विकणाऱ्यांच्या बोलीत खरं म्हणजे एकच वाक्य सगळीकडे पुरतं: पाणी धरत नाही. माळरानाबद्दल ते म्हटलं की जमीन हलकी ठरते. हरभऱ्याच्या रानाबद्दल म्हटलं की जमीन चांगली. फुटक्या कळशीबद्दल म्हटलं की ती परत करायची असते. परवा श्रीखंडाचा बेत होता आणि चक्का टांगायला कापड हवं होतं, म्हणून चौकातल्या कापडवाल्याकडे गेलो. त्यानं पांढरी मलमल पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "हे घ्या काका, अजिबात पाणी धरत नाही." पावसाचे दिवस असल्यामुळे त्यानं दारात छत्र्याही टांगल्या होत्या. एक उघडून बघितली.

"ही कशी आहे?"

"एक नंबर. अजिबात पाणी धरत नाही."

"अहो, दोन्हींना तेच सांगताय. मग फरक काय?"

तो मलमलीची घडी घालत होता. वर न बघता म्हणाला, "काका, छत्रीत श्रीखंड होत नाही."